ओबामा जिंकले. तुमच्या घरात काय बोलणं झालं?

निर्झरा | ५ नोव्हेंबर २००८, सकाळी ६:५०

झोप अशी झालीच नाही. रात्री अकराच्या ठोक्याला टीव्हीवर बराक ओबामांचं नाव आलं आणि मी सोफ्यावरून उठून उभीच राहिले. लेक झोपेतून उठून जिन्यात येऊन बसली. मला ह्याच वर्षी नागरिकत्व मिळालं, त्यामुळे अमेरिकेतलं हे माझं पहिलं मत.

पण सांगायचंय ते वेगळंच. काल सकाळी सव्वासहाला इथे न्यू जर्सीत, आमच्या गावातल्या शाळेच्या जिममध्ये मतदानाच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक आजी होत्या, ऐंशीच्या घरातल्या, कृष्णवर्णीय. चर्चला जाताना घालतात तसा जांभळा कोट, टोपी, आणि हातात टपालाने घरी आलेली नमुना मतपत्रिका. ती त्यांनी तीन-चार वेळा उघडली आणि त्याच घड्यांवर पुन्हा मिटली. बोलता बोलता म्हणाल्या, जन्म अलाबामातला. वडील मतदार यादीत नाव घालायला गेले तेव्हा कारकुनाने राज्यघटनेतला उतारा वाचून अर्थ सांगायला लावला, आणि सांगितलेला अर्थ चूक ठरवून परत पाठवलं. ते पुन्हा कधी गेले नाहीत. १९६५चा मतदान हक्क कायदा आला तेव्हा ते हयात नव्हते.

आजी पडद्याआड गेल्या त्या बराच वेळ बाहेर येईनात. मागच्या कुणीही घाई केली नाही. बाहेर आल्या, भिंतीशी ठेवलेल्या घडीच्या खुर्चीवर बसल्या, एका पायातला बूट काढला आणि पाऊल चोळत मला म्हणाल्या, "जा बाळा, तुझा नंबर आहे."

आता दुसरी गोष्ट. मागच्या शनिवारी आमच्याकडे दिवाळीचं जेवण होतं. दहा-बारा मराठी घरं. एकजण म्हणाले, "त्या कल्लूला बसवणार का तुम्ही व्हाइट हाऊसमध्ये?" सगळे हसले. मीही हसले आणि पुऱ्या वाढत राहिले. ते हसू काल रांगेत मला फार टोचलं.

म्हणून विचारतेय. निकालाच्या वेळी तुम्ही कुठे होतात? आणि तुमच्या घरात, मित्रांत ह्या निवडणुकीबद्दल खरोखर कुठल्या शब्दांत बोलणं झालं?

---

चाफेकळी | ७:०५

अगदी अगदी. नागरी हक्क चळवळीतले कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन गर्दीत उभे राहून रडताना दिसले आणि मलाही आवरेना. बाकी संध्याकाळी लिहिते.

---

शिकागोकर | ८:२०

मी इथे शिकागोत, ओबामांच्या सभेला ग्रँट पार्कात होतो! आतलं तिकीट नव्हतं, पण बाहेरच्या हिरवळीवर पडदा लावला होता. नोव्हेंबर असूनही हवा इतकी उबदार की लोक स्वेटर कमरेला बांधून फिरत होते. दोन लाखांच्या वर माणसं होती म्हणतात.

आमच्याकडे रात्रीचे दहा वाजले, पश्चिम किनाऱ्यावरचं मतदान संपलं आणि पडद्यावर नाव आलं. आधी एक क्षण काहीच आवाज नाही. मग जे सुरू झालं ते मी कधीच ऐकलेलं नाही, वर्ल्ड कपलाही नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी कडेवरचं पोर मला दिलं, "जरा धर," म्हणाल्या आणि दोन्ही हात वर करून नुसत्या उभ्या राहिल्या. चांगली पाच मिनिटं ते पोर माझ्याकडे होतं.

हरलेले रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅककेन, त्यांचं भाषणही तिथेच पडद्यावर पाहिलं. लोकांनी शांतपणे ऐकलं, शेवटी टाळ्याही वाजवल्या.

---

ह्यूस्टनवाला | ९:१०

निर्झरा, अनुभव मनापासून लिहिला आहेस, पण एक बाजू राहतेय. मी मॅककेनना मत दिलं. माझा छोटा व्यवसाय आहे, कर वाढायची भीती आहे. परराष्ट्र धोरणात मला अनुभवी माणूस हवा होता. अणुकराराच्या बाबतीत भारताच्या पाठीशी ते पहिल्यापासून ठाम होते. ह्यात वर्णाचा प्रश्न कुठे आला? आज सकाळपासून ऑफिसात सगळे माझ्याकडे असे बघतायत, जणू मी मत दिलं म्हणजे कुणाचा हक्कच काढून घेतला.

आणि मॅककेन काल जे बोलले तेही ह्या धाग्यावर यायला हवं. शंभर वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने बुकर टी. वॉशिंग्टन ह्या कृष्णवर्णीय नेत्याला व्हाइट हाऊसमध्ये जेवायला बोलावलं तेव्हा देशभर केवढा गदारोळ झाला होता, त्याची आठवण त्यांनी स्वतःच्या पराभवाच्या भाषणात काढली. समोरचे लोक हुर्यो करायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. ऑक्टोबरात मिनेसोटातल्या सभेत एक बाई ओबामांना "अरब" म्हणाली तेव्हा ह्याच माणसाने तिच्या हातातून माइक घेतला आणि ओबामा सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत असं सांगितलं.

---

निर्झरा | ९:३०

ह्यूस्टनवाला, मॅककेनना मत देणारा वर्णद्वेषी, असं मी म्हटलेलं नाही आणि मला तसं वाटतही नाही. माझा प्रश्न जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्याचा आहे.

---

मुक्कामपोस्ट | ९:४५

मिनेसोटाच्या उत्तरात एक गोष्ट मात्र खटकली होती. "अरब नाही, सभ्य गृहस्थ आहेत." म्हणजे अरब सभ्य नसतात का? त्यांनी ओघात म्हटलं असेल, पण कुणीतरी ते बोलायला हवं होतं. नंतर माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल बोलले. ओबामा मुसलमान नाहीत हे खरं, पण असते तर काय बिघडलं असतं, असा त्यांचा सवाल होता. स्वतः रिपब्लिकन असून बोलले.

---

खडूफळा | १०:४०

आकडे बघू या, नाहीतर चर्चा हवेत जाईल.

मतदान केंद्राबाहेरच्या पाहणीनुसार गोऱ्या मतदारांपैकी ४३ टक्के ओबामांकडे, ५५ टक्के मॅककेनकडे. कृष्णवर्णीय ९५, लॅटिनो ६७, आशियाई ६२ टक्के ओबामांकडे. म्हणजे गोऱ्यांत बहुमत मॅककेनचंच आहे. आता घाईने "वर्णद्वेष!" म्हणू नका, कारण १९६४ नंतर एकाही डेमोक्रॅटला गोऱ्यांचं बहुमत मिळालेलं नाही. कार्टर आणि क्लिंटन, दोघे दक्षिणेतले गोरे, त्यांनाही नाही. १९६४ला नागरी हक्क कायद्यावर डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनने सही केली आणि दक्षिणेतला गोरा मतदार त्या पक्षाकडून हळूहळू निघून गेला. वर्णाचा मुद्दा आहेच, पण तो एका उमेदवाराच्या रंगापेक्षा जुना आणि खोल आहे. अलाबामात दहा गोऱ्यांपैकी जेमतेम एकाने ओबामांना मत दिलंय.

दुसरं म्हणजे, 'ब्रॅडली इफेक्ट'ची केवढी चर्चा होती! लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली १९८२मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे होते. चाचण्यांत पुढे होते आणि प्रत्यक्षात हरले. लोक चाचणीवाल्याला एक सांगतात आणि पडद्याआड दुसरंच करतात, असा निष्कर्ष निघाला. ह्या वेळी तसं काही दिसलं नाही. व्हर्जिनिया आणि इंडियाना १९६४ नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅटांकडे गेली आहेत. व्हर्जिनिया हे यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या राजधानीचं राज्य. तिथे १९६७पर्यंत ओबामांच्या आईवडिलांसारखं काळ्या-गोऱ्यांचं लग्न हा गुन्हा होता.

---

तिरकीरेघ | १०:५५

खडूफळा सर, तुमचा प्रतिसाद मी छापून ठेवणार आहे. दुपारी साहेबाशी वाद घालायचाय.

---

सोनटक्का | ११:३०

पुण्यातून लिहितेय. आमच्याकडे सकाळी साडेनऊला निकाल आला, ऑफिसात सगळ्यांच्या स्क्रीनवर तेच. आनंद मलाही झाला. पण "भारतात कधी होणार असं?" हे आज दहा जणांकडून ऐकलं आणि चीड आली. दलित समाजातले के. आर. नारायणन १९९७ला राष्ट्रपती झाले. मायावती गेल्याच वर्षी उत्तर प्रदेशात ४०३पैकी २०६ जागा घेऊन स्वतःच्या बळावर मुख्यमंत्री झाल्या. त्या दिवशी आमच्या ऑफिसात कुणी पेढे वाटले नाहीत, उलट काय काय ऐकू आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिकागोतल्या लोकांच्या डोळ्यांतलं पाणी आपल्याला कळतं, मग लखनौच्या बाबतीत असं का होतं?

---

ह्यूस्टनवाला | ११:४५

राष्ट्रपतिपद आणि थेट जनतेतून निवडून येणं ह्यांत फरक आहे. आणि मायावतींवर टीका त्यांच्या कारभारासाठी होते.

---

सोनटक्का | ११:५०

कारभारावरची टीका मला ओळखू येते हो. मी म्हणतेय ती कारभार सुरू व्हायच्या आधीची.

---

निळीपहाट | ६ नोव्हेंबर, रात्री १२:२०

सोनटक्का, +१००.

मी नागपूरचा. काल आमच्या वस्तीतल्या वाचनालयात टीव्हीसमोर पंचवीस-तीस माणसं होती. आमच्यासाठी ही बातमी परदेशातली नव्हती, त्याला कारण आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं, ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी स्वतः झीज सोसून काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं. आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवावा आणि शूद्रांना मोकळं करावं, असं त्या अर्पणपत्रिकेत आहे. पुण्यात बसलेला माणूस आठ-दहा वर्षांपूर्वी तिकडे संपलेल्या यादवीतून स्वतःच्या गावासाठी अर्थ काढत होता. पुढे बाबासाहेब १९१३ला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४६मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांना कळलं होतं आणि आपल्या लोकांसाठी तसंच करावं असं त्यांच्या मनात होतं, म्हणून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ला मुंबईत 'दलित पँथर' निघाली ती अमेरिकेत ओकलंडला निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन.

माझे वडील त्या काळात मुंबईत गिरणीत होते. पँथरच्या मोर्च्याचं एक पत्रक त्यांनी ट्रंकेत तळाला, माझ्या जन्मदाखल्याबरोबर ठेवलंय. काल त्यांनी ते काढलं, वाचलं आणि काही न बोलता परत ठेवलं.

निर्झराताई, तुम्ही जेवणाच्या टेबलाबद्दल विचारलंत. अमेरिकेतल्या मराठी मित्रांकडे मी दोन महिने राहून आलोय. तिथे "काळ्यांची वस्ती आहे, उतरू नकोस" जितक्या सहज म्हणतात, तितक्याच सहज मला आडनाव विचारतात.

---

चाफेकळी | १२:४०

निळीपहाट, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आडनाव आम्हीही विचारतो. गाव कुठलं, म्हणून सुरुवात करून तिथेच येतो.

---

ठाणेकरीण | १:१५

थोडं अवांतर. निकाल लागल्यावर आजीचा ठाण्याहून फोन आला. "जिंकला का गं तो? काळाय ना? पण दिसायला किती गोड आहे!" मी म्हटलं, आजी, तो 'पण' कशाला? आजी जरा थांबली आणि म्हणाली, "तू झालीस तेव्हा तुझ्या आत्यानेही असंच म्हटलं होतं. मी भांडले होते तिच्याशी." ८३ वर्षांची बाई स्वतःचं वाक्य स्वतःच पकडते, मला तिचं फार कौतुक वाटलं.

आणि खरंच सांगते, मी सावळी. लहानपणी दर रविवारी साय आणि डाळीचं पीठ. लग्नाच्या वेळी 'निमगोरी' लिहायचं की 'गव्हाळ' ह्यावर घरात बैठक झाली. ओबामांच्या दोन्ही मुली त्या स्टेजवर काळ्या आणि लाल फ्रॉकमध्ये चालत आल्या ना, तेव्हा मला आधी तेच दिसलं. आता चार वर्षं रोज टीव्हीवर दिसणार त्या. माझी लेकही सावळी आहे.

---

मुक्कामपोस्ट | १:२५

+१. माझी बायकोही तेच म्हणाली, लाल फ्रॉकवालीबद्दल.

---

बेएरियाकर | २:००

ह्या आनंदात एक दुखरी गोष्ट. त्याच रात्री कॅलिफोर्नियात आठव्या प्रस्तावाला बहुमत मिळालं आणि जूनपासून कायदेशीर झालेली समलिंगी लग्नं पुन्हा बंद झाली. मी आणि माझा जोडीदार एका डोळ्याने हसत होतो. त्यातून काही लोक कृष्णवर्णीय मतदारांवर खापर फोडायला लागलेत. कृपा करून ते करू नका. मोहिमेचा पैसा कुठून आला ते बघा आणि मग बोला.

---

व्यवस्थापन | २:१०

इथे आलेले आणखी दोन प्रतिसाद व्यक्तिगत टीकेमुळे काढले आहेत. धागा चांगला चालला आहे, तसाच राहू द्या.

---

मनासस_ते_मुंब्रा | ७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, सांभाळून घ्या. माझा जन्म इथलाच, व्हर्जिनियातला. मी सप्टेंबरपासून दारोदार फिरून प्रचार केला. दोन वर्षांपूर्वी ह्याच राज्यात सिनेटर जॉर्ज ॲलन भर सभेत एका भारतीय वंशाच्या मुलाला "मकाका" म्हणाले होते आणि वर "अमेरिकेत स्वागत आहे" म्हणाले होते. तो मुलगा व्हर्जिनियातच जन्मलेला होता, माझ्यासारखा. ॲलन ती निवडणूक हरले. त्या दिवसापासून मला राजकारण स्वतःचं वाटायला लागलं.

एका घरात एक म्हातारे गोरे गृहस्थ होते. अंगणात पानं गोळा करत होते. म्हणाले, "मी आयुष्यात काळ्याला मत दिलेलं नाही. पण माझी पेन्शन अर्धी झाली." मग विचार करत म्हणाले, "दे ते पत्रक." त्यांनी मत दिलं की नाही माहीत नाही.

निवडणुकीच्या आदल्या रात्री ओबामांची शेवटची सभा आमच्या मनाससला झाली. त्याच दिवशी त्यांची आजी वारल्याची बातमी आली होती. ज्या गोऱ्या आजीने वाढवलं, तिला एक दिवस कमी पडला. मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या भाषणात ते ह्याच आजीबद्दल बोलले होते. जी माझ्यावर जगात सगळ्यात जास्त प्रेम करते तीच रस्त्यात काळ्या माणसाला घाबरते असं कबूल करते, आणि तरी मी तिला टाकू शकत नाही, असं. निर्झरामावशी, तुमच्या पार्टीतल्या काकांबद्दल मला हेच वाटतं. त्यांना टाकायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही.

---

आजोबा६९ | ८ नोव्हेंबर, पहाटे ४:४५

तीन दिवस वाचतो आहे. आज लिहायचं ठरवलं.

मी १९६९ला क्लीव्हलंडला आलो. त्याआधी आपल्याला हा देश जवळपास बंदच होता. १९२३मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात सांगितलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. १९४६ला दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर माणसं. ते खरं उघडलं १९६५च्या स्थलांतर कायद्याने. हा कायदा, मतदान हक्काचा कायदा आणि त्याच्या आदल्या वर्षीचा नागरी हक्क कायदा, तिन्ही एकाच लाटेत झाले. ती लाट उठवली अलाबामात सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी पोलिसांच्या काठ्या खाणाऱ्यांसारख्यांनी. आपण सगळे त्या काठ्यांच्या जोरावर विमानात बसलो. आपल्या मंडळाच्या स्मरणिकांत ह्याचा उल्लेख मी कधी वाचलेला नाही.

त्या वेळी क्लीव्हलंडचे महापौर होते कार्ल स्टोक्स, मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. राष्ट्राध्यक्ष टाफ्टच्या नातवाला १९६७मध्ये हरवून आलेले. माझ्या प्रयोगशाळेत एक कृष्णवर्णीय सहकारी होता, त्याच्या टेबलावर स्टोक्सचा फोटो असायचा. मी खोली शोधत होतो. एका घरी गेलो तर मालक म्हणाला, कालच दिली. सहकाऱ्याने आमच्या गोऱ्या टेक्निशियनला त्याच नंबरवर फोन करायला लावला, तर खोली रिकामी होती. तो हसला नाही की चिडला नाही. "चल" म्हणाला आणि आपल्या बहिणीच्या घरी माडीवरची खोली मिळवून दिली. तिथे मी चौदा महिने राहिलो. माझ्या डब्यातलं थालीपीठ तो अर्धं खायचा.

१९७४ला मी उपनगरात घर घेतलं. शाळा चांगल्या, हे कारण खरंच होतं. पण त्या उपनगरात काळे नाहीत हेही मला माहीत होतं आणि मला त्याचा आधार वाटला होता, हेही खरं. वास्तुशांतीला साठ माणसं होती, त्यांत तो नव्हता. मी बोलावलं नाही. आपल्या लोकांना काय वाटेल, असं मनात आलं. पुढे नोकऱ्या बदलल्या, संबंध सुटला.

मंगळवारी रात्री ग्रँट पार्क बघताना माझी बायको म्हणाली, "त्याचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे?"

---

निर्झरा | सकाळी ७:१५

काका, आहे का?

---

ह्यूस्टनवाला | ८:००

आजोबा, १९६५चं हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं. मी ८८चा आलेला. माझं मत बदललेलं नाही, पण आज मुलांना हे सांगणार आहे.

---

शिकागोकर | २१ जानेवारी २००९, रात्री ८:१०

धागा वर काढतोय. काल शपथविधीला वॉशिंग्टनला जाऊन आलो. थंडीने बोटं वाकत नव्हती, पडद्याशिवाय काही दिसत नव्हतं. सरन्यायाधीशांनी शपथेचे शब्द मागेपुढे केले तेव्हा गर्दीत सगळ्यांनी एकदम श्वास धरला. मग भाषणात ते वाक्य आलं की साठ वर्षांपूर्वी ज्याच्या वडिलांना इथल्या हॉटेलात कदाचित वाढलंही नसतं, तो आज तुमच्यासमोर शपथ घेतोय. माझ्या पुढचे गृहस्थ वळून बायकोला म्हणाले, "कदाचित म्हणे!" आणि दोघे हात धरून हसायला लागले.

आजोबा, तुमचं पुढे काय झालं?

---

निर्झरा | ८:४०

मीही रोज बघत होते. माझ्याकडचं सांगते. संक्रांतीला तेच काका पुन्हा आले होते, पुन्हा तोच शब्द आला. मी म्हटलं, "माझ्या घरात हा शब्द नको, मुली ऐकतात." दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग नवऱ्याने तिळगूळ फिरवला. काका जेवून गेले, जाताना मात्र माझ्याशी बोलले नाहीत.

---

आजोबा६९ | २२ जानेवारी, पहाटे ५:१०

नंबर मिळायला सहा आठवडे लागले. त्याच्या बहिणीच्या चर्चमधून मिळाला. परवा शपथविधी बघून झाल्यावर फोन केला. तो लगेच ओळखेना, मग "डबेवाला!" म्हणाला. चाळीस मिनिटं बोललो. गुडघे, बर्फ, नातवंडं. वास्तुशांतीचं मी सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. तुमच्या टेक्निशियनला बोलावलं होतंस ना, त्याने सांगितलं होतं तेव्हाच."

येत्या रविवारी आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. ते गोल, तिखट, मध्ये भोक असलेलं काय होतं, म्हणून विचारत होता. घरातली भाजणी संपली आहे आणि इथल्या दुकानात मिळत नाही. कुणाकडे असेल तर सांगावं.

---

निर्झरा | सकाळी ६:२०

काका, माझ्याकडे दोन किलो आहे, आईने मागच्या महिन्यात पाठवलेली. आज दुपारी पोस्टात टाकते, शनिवारपर्यंत पोहोचेल. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.